अक्काताईची चटणी आणि पुण्याचा तारा

कणगल्याच्या फाट्यावरून आत वळलं की उसाच्या फडांमधून एक गाडीवाट जाते. तिच्या शेवटाला अक्काताईचं घर. उन्हाळा लागला की हे घर कुणाला विचारावं लागत नाही, शिंका ऐकत यायचं. अक्काताई लोखंडी कढईत मिरची भाजायला बसली की पहिली शिंक तिच्या नवऱ्याची, परशरामची. मग गोठ्यातली म्हैस फुरफुरते. मग शेजारची कमलाक्का शिंकते, आणि कमलाक्काची शिंक आली की साऱ्या गल्लीला कळतं, वर्षाची चटणी सुरू झाली.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. निपाणी-संकेश्वरकडं नुसतं चटणी म्हटलं की ती ताटात डाव्या अंगाला वाढतात ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. जाळ यावा म्हणून संकेश्वरी मिरची, रंग यावा म्हणून ब्याडगी, त्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने. सगळं भाजून-तळून डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं. मग ते वर्षभर आमटीत, कालवणात, भाजीत चमच्या-चमच्यानं पडत राहतं. ताटात वाढायची ती शेंगाचटणी, जवसाची चटणी. तिला आडनावासकट हाक मारायची. बिनआडनावाची चटणी एकच. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. सगळा घोळ झाला तो या न सांगण्यानंच.

अक्काताईच्या हाताला चव होती, आणि ती गावानं मान्य केलेली होती. गावातली पोरगी सासरी निघाली की साडीचोळीबरोबर अक्काताईच्या चटणीचा डबा जायचा. कमलाक्का जैन, तिला कांदा-लसूण चालत नाही. तर डंक धुऊन घेऊन, लसणाचा वास लागायच्या आत, पहिली कुटणी कमलाक्काची. मग बाकीची. आणि चटणी घरी आली की पहिली मूठ देवीपुढं. "लक्ष्मीआई, ह्या हाताला नाव ठिवू देऊ नको कुणाला," एवढंच अक्काताई म्हणायची. दुसरं काही मागायची तिला सवय नव्हती.

धंद्याचं खूळ आणलं सुनेनं. नीलम बेळगावच्या शहापूरची. माहेरी माग, आणि मागावरच्या साड्या तिची वहिनी फोनवरून विकते. त्यामुळं हे ज्ञान ती लग्नातच घेऊन आलेली. अक्काताईचा मुलगा युवराज बेळगावात फाउंड्रीत कामाला. त्याच्या डब्यातलं कालवण खाऊन कामावरची माणसं चटणी मागायला लागली, तशी नीलम सासूपुढं फोन घेऊन बसली.

"आत्ती, फोनवर पेज काढूया. नाव, अक्काताईची चटणी."

"माझं नाव कशाला? देवीचं घाल. लक्ष्मी चटणी."

"लक्ष्मी लई हायत पेजवर. अक्काताई एकच."

"संकेश्वरात तिघी हायत की."

"त्यास्नी पेज न्हाय."

बाजेवरून परशराम म्हणाला, "माझं नाव घाला. परशराम चटणी. नाव ऐकूनच ठसका लागंल."

"तुमचं नाव घातलं तर चटणी आमटीत उतरायचीच न्हाय," अक्काताई म्हणाली. "बाजेवर पडून ऱ्हाईल."

पहिला फोटो अक्काताईच्या मनासारखा काढला. पातेल्यात चटणी, शेजारी नारळ, उदबत्ती, देवीची तसबीर, मागं ट्रॅक्टरचं चाक आणि चाकाला टेकून बनियनवर परशराम. ट्यूबलाइटच्या उजेडात चटणी शेणकुटाच्या रंगाची दिसत होती. फोटोखाली एकानंच विचारलं, "टायर द्यायचा आहे का?"

तेव्हापासून नीलमनं नियम घातला. फोटो सकाळचा, पूर्वेच्या खिडकीत, पांढऱ्या फडक्यावर, आणि त्यात चटणीशिवाय कुणी नाही. देवीला फोटोतून काढायला अक्काताई आधी राजी नव्हती. मग म्हणाली, बरं झालं, कुठल्या-कुठल्या गिऱ्हाइकाची तोंडं तिनं तरी का बघावीत.

असं एकेक शिकत गेले. पहिलं पार्सल पोस्टात फुटलं आणि खिडकीमागच्या साहेबांनी कानडीतून जे काही म्हटलं ते नीलमनं सासूला उलगडून सांगितलं नाही. पुढं पिशवीत पिशवी, तिच्यावर खोका आणि खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी आली. अनोळखी माणूस एकदम किलोभर घेत नाही हे कळल्यावर चवीपुरती लहान पाकिटं आली. अक्काताई रोज पहाटे सगळ्या गिऱ्हाइकांना फुलांचे आणि देवांचे फोटो पाठवायची, ते, लोक कंटाळून आपला नंबर बंद करतील म्हणून, नीलमनं थांबवलं.

"देवाचा फोटो बघून कोण आपल्याला बंद करतंय व्हय?"

"करत्यात, आत्ती. देवाला न्हाय करत, आपल्याला करत्यात. आठवड्यातनं एकदा कालवणाचा फोटो टाकायचा, बास."

एका बाबतीत मात्र नीलमनं हात टेकले. कुणी "दर काय?" असं लिहिलं की तिचं म्हणणं, लगेच दर लिहावा, गिऱ्हाईक ताटकळत ठेवू नये. अक्काताईला लिहिणं जमत नव्हतं, ती फोनमध्ये बोलून पाठवायची. "बाळा, तू कुणाचं? गाव कुठलं? घरात म्हातारं माणूस हाय का? आसंल तर सांग, ब्याडगी जास्तीची घालून देतो." दराचं नावच नाही. लोक आधी दचकायचे, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा सगळा आजार सांगायचे. लोंढ्याच्या एका बाईनं तर सासूचे गुडघे, दिराचं लग्न, सगळं सांगून काही न मागवताच फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी आणि जावेसाठीही चटणी मागवली. नीलम म्हणाली, ह्याला वहिनीच्या धंद्यात नाव न्हाय, पण चालू ठेवा.

आणि मग पुण्याहून तो तारा आला.

पेजवर गिऱ्हाईक पाचांपैकी तारे देतं. अक्काताईला सगळ्यांनी पाच दिलेले. चारांचा एकच होता, तो परशरामनं बोट घसरून दिलेला. आता एकाच ताऱ्याचा आला. खाली शुद्ध मराठीत लिहिलं होतं: "ही चटणी नसून शिक्षा आहे. घरातल्या कोणालाही दुपारभर बोलता आले नाही. पाकिटावर 'घरगुती' असे छापले आहे. कोणत्या घरातली, तेही छापायला हवे होते. कृपया कोणी मागवू नये. मृणाल देवस्थळी, पुणे."

नीलमनं वाचून दाखवलं. अक्काताई म्हणाली, "परत वाच." नीलमनं परत वाचलं. अक्काताई उठून आत गेली, डब्यातली चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून बघितली, बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"मीठ जास्ती पडलं आसंल," परशराम म्हणाला.

"मीठ बरोबर हाय."

"मग पुण्याचं पाणी."

अक्काताईनं त्याच्याकडं पाठ केली. परशरामनं समजायचं ते समजलं, आणि बाजेवरून उठून म्हशीकडं गेला. दोन दिवसांत मागण्या थांबल्या. पुण्याच्याच एका सोसायटीतल्या बायका मिळून मागवणार होत्या, त्यांनी कळवलं, "तो प्रकार काय आहे ते कळले की सांगू." माडीवर मिरची वाळून खडखडीत झालेली, डंकावरचा नंबर ठरलेला, वळीव कधीही गाठणार. पण अक्काताई कढईला हात लावेना.

"आत्ती, मिरची वाया जाईल की."

"जाऊ दे. माझ्या हातात काय बिघडलंय ते कळल्याबिगर भाजत न्हाय. कुणाचं तरी तोंड भाजून आलेल्या हातानं देवीपुढं पयली मूठ कशी ठिवू?"

नीलमनं ओळखलं, हे पेजचं नव्हतं. ह्या बाईनं वर्षातून एकदा देवीकडं जे मागायचं, तेच कुणीतरी चारचौघांत मोडून टाकलं होतं. आता तिला समजूत घालून भागणार नव्हतं, खरं काय झालं तेच शोधायला हवं होतं.

अक्काताईची इच्छा अशी, की पेजवरच बोलून पाठवावं, आणि काय बोलायचं तेही ठरलेलं, त्यात पुण्याच्या सात पिढ्या येत होत्या. नीलमनं फोन काढून घेतला. "पेजवर भांडायचं न्हाय. आपण भांडलेलं सगळी वाचत्यात, का भांडलो ते कोण वाचत न्हाय. मी एवढंच लिवतो: त्रास झाला, माफ करा, आम्ही फोन करतो. आणि फोनवर गोड बोलायचं."

"मी कडू कवा बोललो?"

परशरामनं गोठ्यातून खोकून दाखवलं.

नंबर पार्सलच्या पत्त्यात होताच. नीलमनं लावून दिला.

"हॅलो, मी अक्काताई बोलतोय."

"कोण बोलतोय?" पलीकडून आवाज आला. आमच्याकडं बायका येतो, जातो, बोलतोच म्हणतात. पुण्याच्या बाईंना वाटलं, अक्काताईच्या वतीनं कुणी गडी बोलतोय. "तुम्ही अक्काताईंना फोन द्या ना जरा."

"दिलाय. मीच हाय. जीभ कशी हाय आता तुमची?"

भांडायच्या तयारीनं फोन घेतलेल्या माणसाला जिभेची चौकशी अडचणीची होते. "बरी आहे," मृणालबाई म्हणाल्या. "तूप लावलं."

"बरं केलंसा. पोटात जळजळलं न्हाय ना? घरात म्हातारं कोण हाय?"

"सासूबाई आहेत. त्यांचा वाढदिवस होता, त्याचंच तर सगळं..."

"आगं बाई. वाढदिवसाला काय, आमटी केलती?"

"आमटी नाही. सँडविच."

अक्काताईनं नीलमकडं बघितलं. नीलमनं हातानंच दाखवलं, पावावर पाव.

"मग चटणी कशात घातली?"

"ब्रेडला लावली. लोण्यावर."

"ब्रेडला."

"हो. चांगली जाड लावली, तुमचा फोटो इतका सुंदर होता. लाल भडक."

"आणि ती तशीच खाल्ली?"

"चटणीच आहे ना ती?"

"चटणीच हाय की."

"मग?"

अक्काताईनं फोनवर हात ठेवला आणि नीलमला हळूच म्हणाली, "नुसती खाल्ली गं त्यांनी. घरादारानं." नीलमनं पदर तोंडात कोंबला, पण हसू डोळ्यांतून यायला लागलं. अक्काताईला मात्र हसू आलं नाही. ती उठून उभी राहिली. तिला दिसत होती ती पुण्यातली म्हातारी, वाढदिवसाची, नवं लुगडं नेसून, पाव हातात धरलेली.

"बाई, ती नुसती खायची न्हवं," ती म्हणाली. "ती आमटीत घालायची. वर्षाचं तिखट ते. तुमी तर चार म्हैन्यांचं एका दुपारी खाल्लंसा."

मग तिकडचा सगळा वृत्तांत आला. सासऱ्यांनी आधी खाल्लं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणून बाकीच्यांना धीर आला. नंतर कळलं, त्यांना बोलताच येत नव्हतं. एवढ्यात फोन दुसऱ्या कुणी घेतला, आणि एक बारीक, खणखणीत आवाज आला. "मी सासूबाई बोलते. एक सांगू का तुम्हाला? ही लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी, एकाच वेळी कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो. मी काही तुमच्यावर रागावलेली नाही हो."

अक्काताईचा जीव तिथं भांड्यात पडला. पण ती थांबली नाही. म्हणाली, उरलेलं पाकीट फेकू नका, तुमची तूर शिजली की फोन करा, मी दावतो.

संध्याकाळी तोंड दिसणारा फोन आला. तिकडं पांढराशुभ्र ओटा, इकडं अक्काताईचं अर्धं कपाळ, कारण फोन कसा धरायचा ते तिला अजून नीट जमत नव्हतं.

"तेल तापलं? आता गॅस बारीक कर. न्हायतर चटणी करपंल. आणि चटणी पडली की लगेच पाणी."

"किती घालू?"

"हिंगाची डबी हाय का? तिच्यातला चमचा घे."

"म्हणजे पाव चमचा?"

"मोजू नको गं. बघ. तांबडं वर आलं का?"

अक्काताईच्या खांद्यामागून बनियन दिसलं. "कट आला का इचार," परशराम म्हणाला. "कट आल्याबिगर उतरू नका म्हणावं."

"हे कोण?" मृणालबाईंनी विचारलं.

"आमचंच हायत. लक्ष देऊ नकोसा."

मृणालबाईंनी भीत-भीत एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. सासूबाईंना वाटी दिली. त्या म्हणाल्या, "अजून थोडी पडली असती तरी चाललं असतं." इकडं अक्काताईनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेजवर एकाचे चार तारे झाले, आणि मजकूर वाढला. "मूळ तक्रार मागे घेत नाही, कारण जीभ भाजली हे सत्य आहे. मात्र ही चटणी नसून मसाला आहे आणि मसाला म्हणून उत्कृष्ट आहे. पाकिटावर तसे लिहिलेले नाही, म्हणून एक तारा कापला आहे."

नीलम खूश झाली. अक्काताई पुन्हा उंबऱ्यावर.

"आता काय झालं, आत्ती? चार दिल्यात की."

"ताऱ्याचं ऱ्हाऊ दे. चटणी न्हाय म्हणती व्हय ती?"

नीलमला हेच बोलायचं होतं, ती संधी बघत होती. "आत्ती, तिचं काय चुकलं? आपण लांब इकायला निघालोय. गिऱ्हाइकाला त्याच्या शब्दात कळलं पायजे. नाव बदलूया. अक्काताईचा मसाला."

"आणि उद्यापासनं मी तुला शेजारीण म्हणतो. चालंल?"

"ते आन् हे एक हाय का?"

"एकच हाय. मसाला घालून मटण करत्यात. ही चटणी हाय. माझ्या आईनं चटणी म्हटलं, तिच्या आईनं म्हटलं. देवीपुढं ठिवताना मी काय म्हणू, आई, हा मसाला घे?"

कमलाक्का भिंतीपलीकडून ऐकत होती. तिनं डोकं वर काढलं. "नीलम, नाव ऱ्हाऊ दे. आमच्या पोराचं बारशाचं नाव वेगळंच हाय, पण हाकेला अभिनंदनच. लोकास्नी खाली लिवून सांग की."

हे दोघींना पटलं, कारण दोघींची हार झाली नाही. वर मोठ्या अक्षरात चटणी राहणार, खाली ती काय आहे ते लिहायचं. नीलमनं लिहून आणलं: "सूचना: सदर उत्पादन थेट सेवन करू नये."

"हे तर पिकावर मारायच्या औषधाच्या डब्यावर असतंय," अक्काताई म्हणाली. "इकडं आण फोन. मी बोलतो तसं लिव. शुद्ध करू नको."

तिनं सांगितलं आणि नीलमनं तसंच लिहिलं: "ही आमच्याकडची चटणी हाय, म्हंजे आमटी-कालवणात घालायचं तिखट. पावाला लावू नये. लावलीच तर वर तूप-भात खावा, देवाचं नाव घ्यावं आणि आमाला फोन करावा." खाली नंबर.

नवी पाकिटं छापून आली त्या सकाळी अक्काताईनं कढई काढली. वळीव यायच्या आत कुटणी झाली, पहिली मूठ देवीपुढं गेली. त्या दिवशी ती देवीपुढं जरा जास्त वेळ बसली होती. काय बोलली ते कुणाला कळलं नाही.

पाकिटाचा फोटो मृणालबाईंनीच आधी कुणाकुणाला पाठवला. सोसायटीच्या बायकांनी मागवलं. मग त्यांच्या बहिणींनी. कुणी आमटीचे फोटो पाठवायचं, नीलम विचारून ते पेजवर लावायची. म्हणायची, आपण आपलं कौतुक करण्यापेक्षा गिऱ्हाइकाची वाटी बोलू दे. एकानं तर पाकिटातली चटणी संपल्यावर पाकीटच चौकट करून स्वयंपाकघरात लावलं. मृणालबाईंचे तारे चारच राहिले. विचारल्यावर त्या म्हणाल्या, त्या तारखेला पाकिटावर सूचना नव्हती हे खरंच आहे. अक्काताई म्हणाली, बाई सरळ हाय, ऱ्हाऊ दे.

आणि मग एके दुपारी नागपूरहून तीन तारे आले. नीलमला वाटलं, आता आत्ती पुन्हा कढई उलटी ठेवणार. तरी तिनं वाचलं: "पाकिटावरची सूचना वाचून मोठ्या अपेक्षेनं नुसती खाल्ली. पोळीला लावून खाल्ली. काहीही झालं नाही. उगाच घाबरवू नये."

अक्काताई ऐकत राहिली. एवढ्या वर्षांत तिखट कमी पडलं असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"काय लिवू, आत्ती?"

"माफी माग. आणि त्याचा पत्ता बाजूला ठिव." ती उठली, आणि पोत्यातली संकेश्वरी निवडून सुपात घ्यायला लागली. "ह्या बारीला नागपूरची वेगळी कुटतो."

"एका माणसासाठी?"

"एकानं लिवलंय. न लिवलेली किती आसतील."

नीलमनं दोन डबे घासून वाळवले. एकावर पुणे लिहिलं, एकावर नागपूर, दोन्ही लांबून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, आणि सासऱ्याला बोलावून सांगितलं, "मामा, पार्सल भरताना काय पण करा, पण ह्या दोन डब्यांना हात लावायचा न्हाय."

"का गं?"

"नागपूरची चुकून पुण्याला गेली तर? आजींचा पुढचा वाढदिवस यायचा हाय अजून," नीलम म्हणाली.